सडक हवी, वाटही हवी

"वाघ हवा की रस्ता?" हा प्रश्न वक्तृत्व स्पर्धेपासून निवडणुकीच्या सभेपर्यंत सगळीकडे विचारला जातो. शहरातला निसर्गप्रेमी म्हणतो, रस्ता नको. गावातला माणूस म्हणतो, वाघ नको. माझ्या मते प्रश्नाची ही मांडणीच चुकीची आहे आणि ती चुकीची असल्याचे आपल्या विदर्भातच सिद्ध झालेले आहे.

आधी गावाची बाजू सांगते, कारण मी तिकडचीच आहे. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. गावापर्यंत डांबरी सडक झाली, सडकेवरून एस.टी. आली, म्हणून मी येथवर आले. अडलेली बाळंतीण रात्री दवाखान्यात पोचते ती सडकेमुळे. धान बाजारात जातो तोही सडकेमुळेच. तेव्हा रस्ते, रेल्वे, वीज नको, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या दारात या तिन्ही गोष्टी केव्हाच पोचल्या आहेत, त्यांनी तर ते मुळीच म्हणू नये.

परंतु जंगलालाही स्वतःच्या वाटा असतात. वाघाचा बछडा साधारण दोन वर्षांचा झाला की आईला सोडून स्वतःचा मुलूख शोधायला निघतो. ताडोब्यात जागा नसेल तर तो ब्रह्मपुरी, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा अशा जंगलांकडे चालू लागतो. 'जय' नावाचा वाघ २०१३ साली नागझिऱ्याहून शंभराहून अधिक किलोमीटर चालत उमरेड-कऱ्हांडल्यास पोचला, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. पण त्याचाच मुलगा 'श्रीनिवास' एप्रिल २०१७ मध्ये नागभीड परिसरात, शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारेला लागून मेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोरचा 'बाजीराव' नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाखाली सापडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात, गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर, वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. सडक, रूळ आणि तार, तिन्हींचा हिशेब इथेच मिळतो.

वाघ मेला तर बातमी होते. उदमांजर, घोरपड, साप, बेडूक मेले तर होत नाही. पावसाळ्यात सकाळच्या एस.टी.ने येणाऱ्या कोणीही खिडकीतून खाली पाहावे, डांबराला चिकटलेले जीव मोजता मोजता स्टँड येईल. शिवाय मेलेले जनावर निदान दिसते तरी. रहदारीला भिऊन जे सडक ओलांडतच नाही, ते कुणाला दिसत नाही. असे कळप एकेका जंगलात कोंडले जातात आणि पिढ्यानपिढ्या आपसांतच वाढून दुबळे होतात. ज्या वाघाची वाट अडली तो हवेत विरून जात नाही. तो आमच्या बांध्यांच्या काठाला, नाल्याच्या झुडपांत थांबतो. मग धान कापायला किंवा मोहफुले वेचायला गेलेल्या बाईचे काय होते, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून वाघाची वाट मोकळी ठेवणे ही वाघावर दया नव्हे. ती आमच्या गावांची गरज आहे.

मग उपाय काय? मनसर ते खवासा हा पेंच जंगलातून जाणारा महामार्ग चौपदरी करताना अनेक वर्षे न्यायालयात वाद झाला. शेवटी प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून तेथे नऊ ठिकाणी पुलांसारखी बांधकामे झाली. त्यांतले सर्वांत लांब साडेसातशे मीटरचे आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात तेथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना आढळले. अकरा वाघांनी मिळून ८९ वेळा ती वाट वापरली होती. वर मोटारी आणि खाली वाघ, दोघेही आपापल्या वाटेने.

रेल्वेलाही मार्ग आहेत. जंगलाच्या टप्प्यात रात्री वेग कमी करणे, वळणावरची झुडपे काढून चालकाला दूरचे दिसेल असे करणे, उंच भरावाखाली मोठ्या मोऱ्या ठेवणे. आसामकडे हत्तींना रुळांपासून दूर ठेवण्यासाठी मधमाश्यांचा गुणगुणाट ऐकवणारी यंत्रे बसवली आहेत. तारांचे दुखणे माळढोकाने दाखवून दिले. सोलापूरच्या नान्नजला १९७९ मध्ये ज्याच्यासाठी अभयारण्य झाले, तो पक्षी आज मुख्यतः राजस्थानच्या वाळवंटात उरला आहे. जड शरीर आणि समोरचे नीट न दिसणारी दृष्टी यांमुळे तो तारांना धडकतो. थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भागात दरवर्षी निरनिराळ्या जातींचे ८४ हजार पक्षी तारांमुळे मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. तारा जमिनीखालून नेणे किंवा निदान त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावणे, हे उपाय ठाऊक आहेत.

"एवढा पैसा कोठून आणायचा?" असे विचारले जाईल. महामार्गाच्या अंदाजपत्रकात टोलनाका असतो, दुभाजकातली फुलझाडे असतात. मग प्राण्यांची वाट का नसावी? ती आरंभीच आराखड्यात धरली तर कोर्टकचेरीत जाणारी वर्षे वाचतील. उलट शेतकऱ्याला मात्र नुसता कायद्याचा धाक दाखवून चालणार नाही. एका रात्रीत रानडुकरे वर्षाचे पीक लोळवतात, तेव्हा तो जिवंत तार सोडतो. त्या तारेने माणसेही मरतात. झटका देणारे पण जीव न घेणारे सौर कुंपण त्याला परवडेल असे द्या, नुकसानभरपाई वेळेवर द्या, मग गुन्हा नोंदवा.

माझी खरी तक्रार पुढेच आहे. प्राणी कोठून ओलांडतात हे गावच्या गुराख्याला तोंडपाठ असते. पण नकाशा आखताना त्याला कोणी विचारत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार दिला आहे. तर मग सडकेची आखणी ग्रामसभेत बसूनच व्हावी. गुरांसाठी आणि माणसांसाठी वेगळी मोरी मागावी, नाहीतर आम्ही सारे प्राण्यांच्याच पुलाखालून जाऊ आणि प्राणी तिकडे फिरकणार नाहीत.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जण रोज जंगलातून येतात. कोणत्या किलोमीटरच्या दगडाजवळ कोणते जनावर मेलेले दिसले, एवढे एका वहीत तारीखवार लिहिले तरी वर्षाअखेर एक नकाशा तयार होईल. आपल्या भूगोल विभागाने तो काढावा आणि पुढच्या रुंदीकरणाआधी अधिकाऱ्यांसमोर ठेवावा. आमच्या आईवडिलांनी सडक मागितली आणि मिळवली. ती कशी असावी हे सांगण्याची पाळी आता शिकलेल्या आपली आहे.

— द्वितीय वर्ष, कला