धर्मराजाचा कुत्रा आणि बागेचं दार

चोर्ला घाट चढून मी बेळगांवला जातो तो अनगोळच्या बहिणीकडे. परवा भाच्याबरोबर त्याचा कुत्रा फिरवायला निघालो. एका बागेच्या दारावर पाटी: 'कुत्र्यांना प्रवेश नाही'. मुकाट परतलो. आत मात्र चार भटकी कुत्री ऐसपैस लोळत होती! त्यांना पाटी वाचता येत नसावी...

मंडळी, साखळीतल्याला बंदी आणि मोकाटांना मुभा, हा कुठला न्याय? बागांत अशी सरसकट बंदी नको, हवं तर वेळा ठरवा, असं केंद्राच्या जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच सांगितलंय. पण मी स्वतः सरकारी कारकून. नियम राबवण्यापेक्षा पाटी ठोकणं किती सोपं, हे मला नका सांगू!

मालकही काही साधू नाहीत. घाण उचलायला पिशवी किती जण नेतात? रेबीजची लस दरवर्षी कोण टोचतो? व्हॅक्सिन डेपो जवळ असलेल्या अनगोळात तरी लस आठवावी! दंड करायचा तर त्यांना करा. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य ठरलं ते लसीकरणाने, पाट्यांनी नव्हे.

कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायला धर्मराजाने नकार दिला. आपण दत्ताजवळचे चार कुत्रे पुजतो आणि पाचव्याला फाटकावरून हाकलतो.