आधी शाई, मग साण

सलूनमध्ये बदलत्या पात्यांचे वस्तरे आल्यापासून खरा वस्तरा धोकटीत पडून राहिला. आता तो पुन्हा बाहेर निघतो आहे. कुणाला आजोबांचा झोलिंगेनचा वस्तरा वापरात आणायचा असतो, कुणी जुन्या बाजारातून शेफिल्डचे जाड पाते उचललेले असते. आनंदाची गोष्ट आहे. पण ही पाती आपल्या धार लावणाऱ्यांकडे आली की बरेच जण ती थेट साणेवर चढवतात, हे पाहून वाईट वाटते. दगडावर पाजवणे वेगळे आणि फिरत्या साणेवर घालणे वेगळे. साणेने पात्याची मूळ घडणच बदलते आणि गेलेले पोलाद परत येत नाही.

वस्तऱ्याचा कोन कारागीर ठरवत नाही, पात्याची पाठ ठरवते. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात. पाठ 5 मिलिमीटर जाड आणि पाते 18 मिलिमीटर रुंद असेल, तर कोन साधारण 16 अंशांचा होतो. धार बोथट असणे, तिला बारीक दाते पडलेले असणे, पात्यावर वरवरचा गंज असणे, यांपैकी कशालाच साण लागत नाही. 1000 नंबरचा सपाट दगड पुरतो.

मग साण कधी? आधी दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून तो घासून सपाट करा. पात्याच्या दोन्ही बाजूंच्या उतारांना मार्करची शाई लावा, भरपूर पाण्यात हलक्या हाताने चार-पाच हात मारा आणि घड्याळजीच्या भिंगातून पाहा. शाई फक्त अगदी कडेला उरली असेल, तर उतार अजून धारेपर्यंत पोचलेला नाही, पाजवत राहा. दोन्ही बाजूंना मध्यभागीच शाई उरली, तर धार आत खचली आहे. एका बाजूला मध्ये आणि दुसऱ्या बाजूला टोकांना उरली, तर पाते वाकलेले आहे. वाकलेल्या पात्याला साण लावणे हा निव्वळ नाश आहे. त्याला अरुंद दगड आणि हात किंचित फिरवत मारण्याची सवय हवी. हा फरक ओळखता येणे म्हणजेच आपली कारागिरी, असे आमचे मत आहे.

धार थोडीच खचलेली असेल तर दगडावरच सरळ होते. मात्र धार सरळ करता करता पाते अरुंद झाले, कोन वाढला, धारेमागचे पोलाद जाड राहिले आणि उतार डोळ्यांत भरण्याइतका रुंद दिसू लागला, तरच साणेचा विचार करावा. खोलगट पात्यावर हा उतार जेमतेम मिलिमीटरभर असतो. साणेवर घ्यायचेच, तर पाण्यात आणि अत्यंत सावकाश. कोरड्या साणेवर कड निळी पडली की पाते तिथे मऊ झाले. त्या जागी धार टिकणार नाही.

गंजाचे खड्डे थेट धारेवर असतील किंवा पात्याला केसाएवढी जरी चीर गेली असेल, तर उजेडासमोर धरून नीट तपासा. चीर वर चढत गेलेली असेल तर साणही उपयोगाची नाही आणि दगडही नाही. असा वस्तरा दाढीसाठी परत देऊ नका. गिऱ्हाइकाला चीर भिंगातून दाखवा आणि धार लावण्याचे पैसे घेऊ नका.