गोठलेल्या तळ्यावर गळ टाकण्यापूर्वी

मैत्रिणींनो, लेक-जावई किंवा मुलगा-सून अमेरिकेत असली, की नातवंडाच्या निमित्ताने ऐन हिवाळ्यातही तिकडे जाणं होतं. त्यातून बिऱ्हाड मिनेसोटासारख्या उत्तरेकडच्या राज्यात असलं, तर एखाद्या रविवारी बेत ठरतोच. गोठलेल्या तळ्यावर जायचं, बर्फाला भोक पाडायचं आणि गळ टाकून बसायचं! पुरुषमंडळी गिरमिट नि गळ गाडीत भरतात, मुलं नाचू लागतात आणि थर्मास, डबे, हातमोजे बघायचे आपण. मग दोन प्रश्नही आपणच विचारलेले बरे. बर्फ किती जाड आहे? आणि मासा कुठे आहे? तळं अनोळखी असेल, तर पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे वळायचंच नाही.

आधी बर्फाचं पाहू. मिनेसोटाच्या नैसर्गिक संपत्ती खात्याचं सांगणं असं, की नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ निदान 4 इंच जाड असेल तरच त्यावर पायी जावं. लहान मोटारीला 9-10 इंच लागतात. पांढरा, दुधी बर्फ ताकदीने निम्माच; तिथे जाडी दुप्पट हवी. एका जागी मोजलं म्हणजे झालं, असं मात्र नाही बरं का! ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे, पुलाखाली, अरुंद जागी, तळाशी झरे असतील तिथे बर्फ पातळ राहतो. म्हणून पुढे चालणाऱ्याने पहारीने ठोकत जावं आणि दर दीडशे फुटांवर भोक पाडून मोजावं. शेजारी कुणाची गाडी उभी आहे म्हणून आपणही बिनधास्त जाऊ नये.

प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं. गळ्यात दोरीला बांधलेल्या, टोकदार खिळे बसवलेल्या दोन मुठी हव्यात. त्या तिथल्या दुकानात तयार मिळतात. कुणी पाण्यात पडलंच, तर मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी सांगितलेला हिशेब लक्षात ठेवावा : 1-10-1. पहिला 1 मिनिट श्वास ताळ्यावर आणायचा, घाबरून हातपाय झाडायचे नाहीत. पुढची 10 मिनिटं हातपाय चालतात, तेवढ्यात बाहेर यायचं. थंडीने शुद्ध हरपायला सुमारे 1 तास लागतो. ज्या बाजूने आलो त्याच बाजूला वळायचं, कारण तिथल्या बर्फाने आपलं वजन पेललेलं असतं. खिळे रोवून, पाय मारत अंग वर ओढायचं आणि उभं न राहता लोळत दूर व्हायचं. हे घरातल्या सगळ्यांकडून एकदा तोंडपाठ करून घ्याच.

तंबूत शेगडी लावणार असाल, तर हवा खेळती ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. त्याची सूचना देणारं छोटं यंत्र जवळ असू द्या.

आता माशाचं. चॅनल कॅटफिश म्हणजे आपल्या शिंगाळ्याच्या गोतातला, मिशावाला, बिनखवल्यांचा मासा. मुळात तो त्या तळ्यात आहे का, हे घरीच पाहावं. वर सांगितलेल्या खात्याच्या 'लेकफाइंडर'वर अनेक तळ्यांचे खोलीचे नकाशे, पाहणीत सापडलेले मासे आणि कोणते मासे सोडले त्याची नोंद मिळते. नकाशावर सगळ्यात खोल जागा हेरून ठेवायची. धरणाचा जलाशय असेल, तर पाण्याखाली गेलेलं जुनं नदीपात्र शोधायचं.

खोल पाणीच का? पाणी 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. त्यामुळे हिवाळ्यात तळाचं पाणी बर्फालगतच्या पाण्यापेक्षा उबदार राहतं, आणि चॅनल कॅटफिश अशा खोलगट जागी घोळक्याने जमतात. म्हणजे तळ्याचा बराचसा भाग रिकामा आणि एखादी जागा भरलेली! एकाच भोकाशी दिवसभर बसण्यात म्हणूनच अर्थ नाही. उतार जिथे संपतो तिथपासून खोल भागापर्यंत ओळीने भोकं पाडावीत. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं पाहावं, काही हाललं नाही तर पुढे सरकावं. मासा तळालाच चिकटलेला असतो असंही नाही. कधी चार-सहा फूट वर तरंगतो. फिश फाइंडर असला तर हे चटकन कळतं.

आमिष लहानच असावं. बारीक मासोळीचं डोकं किंवा तुकडा पुरतो. या माशाच्या मिशांवरच नव्हे, तर सगळ्या अंगावर चव ओळखणारे कण असतात. मात्र थंडीत तो सुस्तावतो, हिसका देत नाही. दोरी जरा जड वाटली, तरी तोच असतो.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. घोळका सापडला, की हात आवरत नाही. पण हे मासे थंड मुलखात सावकाश वाढतात, आणि सगळे एका जागी असल्यामुळे ती जागा लवकर रिकामी होते. किती घ्यायचे याची मर्यादा निरनिराळ्या पाण्यात निरनिराळी असते, ती आधी पाहावी. पाहुण्या प्रौढांना परवानाही काढावा लागतो. मर्यादेच्या आतही आपल्या पानापुरतेच घ्यावेत. मोठे मासे बर्फावर न टाकता लगेच पाण्यात सोडावेत.

लहान मासे घेण्यात आपलाही फायदा आहे. माशातला पारा मोठ्या, वयस्क माशांत जास्त साठतो. तो मांसातच असतो, त्यामुळे चरबी छाटून किंवा शिजवून जात नाही. घरात गरोदर सून किंवा लहान मूल असेल, तर त्या तळ्यातला मासा किती वेळा खावा, ते मिनेसोटाच्या आरोग्य खात्याच्या सूचनांत पाहूनच ताटात वाढा.

साफ करताना पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा असे तीन काटे सांभाळा; फार बोचतात. कातडी पकडीने सोलून काढा. मग हळद, मीठ, लिंबू, तिखट लावून रव्यात घोळवा नि तळा. चवीला सौम्य असतो, मसाला छान धरतो.

निघण्यापूर्वी कोणत्या तळ्यावर जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी राहणाऱ्या कुणाला तरी लिहून द्या. आणि बर्फ मोजल्यावर चार इंच भरला नाही, तर मुलं कितीही हिरमुसली तरी गाडी सरळ घराकडे वळवायला सांगा. मासळी बाजारातही मिळते.