झटक्याच्या कुंपणाचे अर्थिंग

बागेभोवतीचे झटक्याचे कुंपण रानडुकराला बळाने अडवत नाही. जाळीचे कुंपण डुक्कर मुसंडी मारून उचकटते किंवा खालून उकरते. झटक्याची तार मात्र ओल्या नाकाला एकदा लागली की पुढे तो बांधच ते टाळते. कुंपणाची सारी भिस्त जनावराच्या या आठवणीवर असल्याने ते पहिल्या रात्रीपासून चालू हवे. बंद तारेखालून एकदा आत शिरलेल्या कळपाला नंतर धाक बसणे कठीण.

झटका यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ती भारण्यासाठी बहुधा लहान सौर पॅनेल असते. यंत्र कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठवते आणि सेकंदा-सव्वासेकंदाला एकदा तारेत सोडते. तारेवर ५००० ते १०००० व्होल्ट असतात, पण धक्का क्षणार्धाहूनही कमी टिकतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५०० ओहमच्या भारावर एका धक्क्यातली ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जाता कामा नये. मधल्या उसंतीत जनावर मागे सरते. घरच्या २३० व्होल्टच्या प्रवाहाला अशी उसंत नसते. स्नायू आखडतात आणि तार सुटत नाही. शेताच्या कडेला सोडलेल्या असल्या तारांनी विदर्भात वाघ मेले, तशी माणसेही मेली. वाघ-गवा असो की माणूस, असा मृत्यू घडवणे हा गुन्हाच आहे, आणि कोणत्याही नुकसानीपोटी त्याचे समर्थन होऊ शकत नाही. तार जोडून देणाऱ्या वायरमननेही हे काम स्पष्ट नाकारले पाहिजे.

कुंपण ‘लागत नाही’ अशी तक्रार आली की दोष यंत्राला दिला जातो, पण पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. प्रवाह तारेतून जनावराच्या अंगात, तिथून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईवाटे यंत्रात परतला तरच झटका बसतो. कोकणातल्या जांभ्यावर एप्रिल-मेमध्ये माती ठणठणीत कोरडी होते आणि हा परतीचा रस्ता तुटतो. एक हातभर सळई ठोकून भागत नाही. मीटर-दीड मीटर लांबीच्या किमान तीन जस्तलेपित सळया, तीन-तीन मीटर अंतराने, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ किंवा विहिरीलगत ओलीत ठोकाव्यात. घराच्या अर्थिंगपासून त्या १० मीटर तरी दूर असाव्यात. कातळावर सळई जातच नसेल तर दोन जिवंत तारांमध्ये एक अर्थची तार ओढावी. डुकराचा जिवंत आणि अर्थच्या अशा दोन्ही तारांना एकदम स्पर्श झाला की जमिनीची गरज उरत नाही.

तपासणीची रीत सोपी आहे. यंत्र बंद करून कुंपणाच्या दूरच्या टोकाला लोखंडी सळया तारेला टेकवून जमिनीत खोचाव्यात. यंत्र चालू केल्यावर तारेवरचा दाब २००० व्होल्टच्या खाली यायला हवा. मग अर्थिंगच्या सळईवर टेस्टर धरावा. तिथे ३०० व्होल्टच्या वर आकडा दिसला तर सळया कमी पडतात.

डुकरांसाठी जमिनीपासून २० आणि ४५ सेंटिमीटरवर दोन तारा बहुतेक ठिकाणी पुरतात. काटेरी तार मात्र कधीही जिवंत करू नये. तिच्यात अडकलेल्या जिवाला धक्क्यामागून धक्का बसत राहतो. वाटेलगत धोक्याच्या पिवळ्या पाट्या लावणे आवश्यक आहे. पावसाळ्यात तारेला टेकणारे गवत प्रवाह गळवते. बेणणी लांबली की दाब उतरतो. ४००० व्होल्टच्या खाली डुकरे कुंपणाला फारसे जुमानत नाहीत. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांचे इन्सुलेटर उन्हाने तडकतात, त्यापेक्षा चिनी मातीचे बरे.

वानरांपुढे या कुंपणाचा फार उपयोग नाही. फांदी कुंपणावर आलेली असेल तर वानरे जमिनीला न लागता आत उतरतात. खवले मांजराला मात्र कुंपणाचाच धोका आहे. धक्का बसताच ते तारेभोवती अंगाचे वेटोळे करते आणि तिथेच मरते; दक्षिण आफ्रिकेत अशा मृत्यूंच्या नोंदी आहेत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हा प्राणी आढळतो. तिथे सर्वांत खालची तार २० सेंटिमीटरच्या खाली आणू नये आणि रोज सकाळी कुंपणाची फेरी मारावी.