‘कोरोना सापडला’ म्हणजे नेमके काय सापडले?

एप्रिल २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. केरळ, हिमाचल प्रदेश, तमिळनाडू आणि पुदुच्चेरी येथील २५ फळभक्षी वटवाघळांत कोरोना गटातील विषाणू आढळल्याचे त्यात नमूद होते. हे विषाणू माणसाला रोगकारक ठरल्याचा कोणताही पुरावा नाही, असेही संशोधकांनी स्पष्ट केले होते. लोकांपर्यंत पोहोचले ते पहिले विधान. दुसरे वाटेतच गळाले.

अशा अर्धवट माहितीची किंमत काय असते, हे कुक्कुटपालकांनी त्याच वर्षी अनुभवले होते. कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो ही अफवा फेब्रुवारी-मार्चमध्ये पसरली आणि महाराष्ट्रात ब्रॉयलरचे दर उत्पादनखर्चाच्याही खाली कोसळले. शासकीय खुलासे निघाले, पण बाजार सावरला नाही. माझ्या मते त्या वेळी विस्तार यंत्रणेकडे धीर देणारी वाक्ये पुष्कळ होती; कारण समजावून सांगण्याची तयारी मात्र नव्हती. ते कारण प्रथिनांच्या रचनेत आहे आणि शेतकऱ्याला ते सहज उमगण्यासारखे आहे.

कोरोना हे एका विषाणूचे नाव नसून मोठ्या कुळाचे नाव आहे. या कुळातील विषाणूंचा जनुकीय आराखडा सुमारे ३० हजार अक्षरांचा असतो. त्यावरून तयार होणाऱ्या प्रथिनांपैकी दोन येथे लक्षात घ्यावीत. पहिले आहे आराखड्याची नक्कल करणारे विकर, म्हणजे पॉलिमरेझ. नक्कल करणाऱ्या यंत्रात मोठा बिघाड झाला तर विषाणूचा वंशच थांबतो. त्यामुळे हा भाग पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदलत नाही आणि कुळातील बहुतेक सदस्यांत सारखा आढळतो. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी वटवाघळांच्या नमुन्यांची तपासणी याच विकराच्या जनुकावर केली. कुळ ओळखण्यासाठी ती योग्यच होती. पण आडनावावरून घराणे कळते, माणसाचा स्वभाव कळत नाही. तसेच हे आहे.

विषाणू कोणाला बाधणार, हे मुख्यतः दुसऱ्या प्रथिनावर अवलंबून असते. ते म्हणजे पृष्ठभागावरील काटेरी प्रथिन. तीन सारख्या साखळ्या एकमेकींत गुंफून एक काटा तयार होतो. त्याचा वरचा भाग यजमान पेशीवरील विशिष्ट ग्राहीला चिकटतो आणि खालचा भाग विषाणूचे व पेशीचे आवरण एकमेकांत विलीन करतो. कोविडच्या विषाणूचा काटा एसीई-२ या ग्राहीवर बसतो, तर मर्सच्या विषाणूचा डीपीपी-४ वर. चिकटणेही पुरेसे नसते. यजमानाच्या विकराने काटा नेमक्या जागी छेदला तरच प्रवेश होतो. वटवाघळांतील एचकेयू-४ हा विषाणू मानवी डीपीपी-४ ला चिकटतो खरा, परंतु आपली विकरे त्याचा काटा नीट छेदू शकत नाहीत. प्रयोगशाळेत त्या काट्यातील केवळ दोन जागा बदलल्या, तेव्हा त्याला मानवी पेशीत प्रवेश मिळाला.

या दोन बदलांमुळेच मी ‘काही धोका नाही’ असे सरसकट म्हणणार नाही. चीनच्या युनान प्रांतातील वटवाघळात सापडलेला आरएटीजी-१३ हा विषाणू कोविडच्या विषाणूशी ९६ टक्के जुळतो, पण त्याचा काटा मानवी ग्राहीला क्षीणपणे चिकटतो. लाओसमधील बनाल-५२ हा साधारण तितकाच जुळतो, आणि त्याचा काटा मात्र मानवी एसीई-२ वर घट्ट बसतो. एकूण साम्याच्या टक्केवारीवरून या दोघांतील फरक ओळखता आला नसता. हे दोन्ही विषाणू नालनाक्या, कीटकभक्षी वटवाघळांतले आहेत. आपल्याकडे गावच्या वडा-पिंपळावर उलटी लटकणारी मोठी वटवाघळे फळभक्षी असून त्यांचे कुळ वेगळे.

पशुपालकांसाठी याहून जवळचे उदाहरण २०१६-१७ मधील आहे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात वटवाघळांतील एचकेयू-२ या विषाणूच्या जवळच्या नातेवाइकाने चार वराहपालन केंद्रांवर अतिसाराची साथ आणली आणि २४ हजारांहून अधिक पिले दगावली. त्या साथीत माणसांना बाधा झाल्याचे आढळले नाही. फटका बसला तो पशुधनाला.

कुक्कुटपालकाला काटेरी प्रथिन शिकवण्यासाठी चीनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पिलांना आयबीची लस देणारा प्रत्येक जण वर्षानुवर्षे एका कोरोना विषाणूशी लढतो आहे. तो पक्ष्यांचा विषाणू आहे, माणसाचा नाही. मॅसॅच्युसेट्स प्रकाराची लस देऊनही कधी कळपात आयबी का येतो? कारण त्या विषाणूच्या काट्याच्या वरच्या भागात बदल झालेला असतो आणि जुन्या लसीने तयार झालेली प्रतिपिंडे त्याला नीट ओळखत नाहीत. २०२० मध्ये लसीची ही कुपी हातात घेऊन कार्यकर्ता गावात बोलला असता, तर अफवेला आधार उरला नसता असे नव्हे, पण उत्तर तरी मिळाले असते.

वटवाघळांची वस्ती असलेली झाडे तोडण्याची किंवा गुहेत धूर करण्याची मागणी अधूनमधून होते. ती मान्य करू नये. ऑस्ट्रेलियात हेंड्रा विषाणूच्या २५ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अधिवास नष्ट होऊन अन्नटंचाई आली, तेव्हा वटवाघळे शेतवस्तीकडे सरकली आणि घोड्यांत बाधा वाढली. जंगले भरघोस फुललेल्या हंगामात ती थांबली. हेंड्रा हा कोरोना नव्हे, पण विस्थापित वटवाघूळ कोठे जाते हे त्यातून दिसते. शिवाय ही वटवाघळे परागीभवन करतात आणि बिया दूरवर पोहोचवतात, हा हिशेब बागायतदार क्वचितच मांडतात.

अंतर मात्र पाळावे. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाहची साथ वराहांतून माणसांत आली, तेव्हा गोठ्यांलगतच्या फळझाडांवर वटवाघळे येत होती आणि त्यांची उष्टी फळे खाली पडत होती. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांतही निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळली आहेत. म्हणून चावलेली फळे जनावरांना घालू नयेत, गोठा व खुराडी वटवाघळांच्या झाडाखाली बांधू नयेत, आणि मृत वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. गावात ‘वटवाघळांत नवा विषाणू सापडला’ अशी बातमी पुन्हा येईल, तेव्हा कार्यकर्त्याने आधी दोन गोष्टी विचाराव्यात: तपासणी कोणत्या प्रथिनाच्या जनुकावर झाली, आणि काटा कोणत्या प्राण्याच्या ग्राहीवर बसतो हे पाहिले आहे का?