न धुतलेली परीक्षानळी

एक परीक्षानळी घ्या. आधीच्या प्रयोगातले थोडे मीठ तिच्या तळाशी राहिले आहे असे समजा. तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी व सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण घाला. लगेच पांढरा साका दिसेल आणि तुम्ही वहीत लिहाल, 'पाण्यात क्लोराइड आहे.' पाणी तर शुद्धच होते! दोष नळीचा.

संगणकाच्या आज्ञावल्यांबाबतही असेच घडते. मोठी आज्ञावली अनेकजण मिळून लिहितात. एक ओळ बदलली तरी ती पुन्हा बांधावी व तपासावी लागते. हे काम आपोआप करणाऱ्याला 'रनर' म्हणतात. गिटहब या सेवेवर २०१९ पासून याचे दोन मार्ग आहेत. एकात सेवेचे यंत्र वापरायचे. तेथे प्रत्येक कामाला कोरे आभासी यंत्र मिळते. दुसऱ्यात रनर आपल्याच यंत्रावर बसवायचा.

तुम्ही म्हणाल, 'घरचे यंत्र असताना दुसऱ्याचे कशाला?' म्हणणे रास्त आहे. कधी जास्त स्मृती लागते, कधी खास प्रकारचा प्रक्रियक. पण घरच्या यंत्रावर कालच्या कामाच्या फाइली तशाच राहतात. मग आज्ञावलीला लागणारा एखादा भाग यादीत लिहायचा राहिला, तरी कालच्या उष्ट्यावर चाचणी पार पडते. दुसऱ्याच्या संगणकावर मात्र तीच आज्ञावली अडते.

याहून मोठा धोका आहे. खुल्या प्रकल्पात कोणीही अनोळखी माणूस बदल सुचवू शकतो. त्या बदलाची चाचणी तुमच्या यंत्रावर चालली, तर त्याने लिहिलेल्या आज्ञा तुमच्या घरात चालल्या! म्हणूनच खुल्या प्रकल्पांना घरचा रनर जोडू नये, असा सल्ला गिटहब स्वतःच देते.

बांधणीचे यंत्र बिघडले तर काय होते, हे २०२० मध्ये जगाने पाहिले. सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीच्या बांधणी-यंत्रात हल्लेखोर शिरले. लेखकांनी लिहिलेली मूळ आज्ञावली जशीच्या तशी होती. बांधणीच्या वेळी तेवढी एक फाइल गुपचूप बदलली जाई. कंपनीची सही असलेली ती विषारी प्रत सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. घरचा रनर जरूर ठेवावा, पण प्रत्येक कामानंतर ते यंत्र पुसून नव्याने उभे करण्याची तयारी असेल तरच. एकच काम करून नोंदणी रद्द करणारा रनरही मिळतो. पण त्यामुळे केवळ नोंदणी जाते, तबकडीवरचा कचरा आपणच काढायचा असतो. यात वेळ जातो, हे खरे. पण परीक्षानळी धुण्यातही वेळ जातोच ना? तो वाचवला, तर निष्कर्षावर विश्वास कसा ठेवणार?

उद्या तुमच्यापैकी कोणी आज्ञावल्या लिहील. 'चाचणी पार पडली' असे वाचताच हुरळून जाऊ नका. आधी विचारा, 'नळी धुतली होती का?'