अल्टरनेटर मोठा, बेल्ट मात्र जुनाच!

बारामती-इंदापूर भागात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. जादा दिव्यांसाठी काही मालक ३५ अँपिअरचा अल्टरनेटर काढून ९० चा बसवतात. बेल्ट मात्र जुनाच ठेवतात. ही काटकसर महागात पडते.

२८ व्होल्टला ९० अँपिअर म्हणजे अडीच हजार वॅट. पूर्ण भार आला की हा अल्टरनेटर इंजिनाकडून सुमारे पाच अश्वशक्ती खेचतो. एवढी ओढ झिजलेल्या बेल्टला पेलत नाही. तो घसरतो, तापतो, आवाज करतो आणि बॅटरी उपाशी राहते. त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल, तर इंजिनही तापते.

बेल्ट पुलीच्या खाचेत काठाबरोबर बसावा, तळाला टेकू नये. पुलीचा व्यास बदलला असेल तर लांबी दोरीने नव्याने मोजावी. दोन बेल्टची जोडी असेल तर दोन्ही एकदम बदलावेत. फार ताणले तर बेअरिंग जाते.

आमच्या मते, दुकानदारांनी योग्य मापाच्या बेल्टशिवाय मोठा अल्टरनेटर विकूच नये. ट्रक रस्त्यात अडला की ऊस वाळतो, वजन घटते. मालकाबरोबर शेतकरीही बुडतो.